सिम्प्सन्स : न संपलेल्या मालिकेची वाटचाल

१९ एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेत ‘द ट्रेसी उलमन शो’ या विनोदी कार्यक्रमात जेमतेम दोन मिनिटांचं एक ॲनिमेशन दाखवलं गेलं. आईबाप तीन मुलांना झोपवायला जातात, आणि त्यांच्या समजुतीच्या बोलण्यानेच मुलं इतकी घाबरतात की शेवटी तिघंही आईबापांच्या पलंगावर येऊन शिरतात. रेषा ओबडधोबड, चेहरे पिवळेधमक, आवाज अजून न सापडलेले. ज्या फॉक्स वाहिनीवर हे दिसलं, तिचे रात्रीच्या मुख्य वेळेतले कार्यक्रम सुरू होऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते. तिच्याकडे गमवायला फारसं काही नव्हतं. ‘द सिम्प्सन्स’चा आरंभ हा असा.

मॅट ग्रेनिंग हा मूळचा पोर्टलंडचा व्यंगचित्रकार. ‘लाइफ इन हेल’ नावाची त्याची चित्रपट्टी साप्ताहिकांतून छापून येत असे. निर्माते जेम्स एल. ब्रुक्स यांना तीच पडद्यावर हवी होती. ती दिली तर तिचे हक्क हातचे जातील, हे ग्रेनिंगच्या वेळीच लक्षात आलं. मग ब्रुक्स यांच्या कचेरीबाहेर थांबल्या थांबल्या त्याने एक नवंच कुटुंब कागदावर उतरवलं. होमर, मार्ज, लिसा, मॅगी ही नावं त्याच्या स्वतःच्या आईवडिलांची आणि बहिणींची. मुलाला तेवढं आपलं नाव न देता त्याने बार्ट केलं. म्हणजे या कुटुंबाचा जन्म झाला तो एक मालकी वाचवण्यासाठी, आणि पुढे ते कुटुंबच जगातल्या सर्वांत किमती मालमत्तांपैकी एक झालं.

अशी ४८ छोटी चित्रं झाल्यावर अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका ठरली. ॲनिमेशनचं बरंचसं काम कोरियात होत असे. तिथून पहिला भाग तयार होऊन आला तो इतका बिघडलेला, की ब्रुक्स आणि मंडळींनी तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा करायला लावला. ठरलेला मुहूर्त टळला आणि मालिका सुरू झाली ती १७ डिसेंबर १९८९ रोजी, नाताळच्या एका भागाने. होमरला बोनस मिळत नाही. घरी सांगायची लाज वाटते म्हणून तो दुकानात सांताक्लॉज होऊन बसतो, कुत्र्यांच्या शर्यतीवर पैसे लावतो, तेही हरतो आणि हरलेलं कुत्रं घेऊन घरी येतो. घरच्यांना वाटतं हीच भेट. ॲनिमेशनमधला बाप पैशांच्या विवंचनेत आहे, हे तोवर अमेरिकन टीव्हीने फारसं पाहिलेलं नव्हतं.

या मालिकारूपी संस्थेचे संस्थापक तीन, आणि तिघांचं काम वेगळं होतं. ग्रेनिंगने माणसं दिली. ब्रुक्स यांनी आग्रह धरला की चित्रातल्या माणसांनाही खरोखर दुखलं पाहिजे. शिवाय फॉक्सशी केलेल्या करारात त्यांनी अशी तरतूद करून घेतली, की मजकुरात वाहिनीला ढवळाढवळ करता येणार नाही. अमेरिकन टीव्हीत ही सवलत जवळपास कुणालाच नसे. तिसरा सॅम सायमन. ‘टॅक्सी’ आणि ‘चीअर्स’ या मालिकांतून आलेला हा तिखट माणूस लेखकांची खोली चालवायचा. स्प्रिंगफील्ड नावाच्या गावाला दारूचा गुत्ता, चर्च, अणुवीजकेंद्र, भ्रष्ट महापौर आणि आळशी पोलीसप्रमुख मिळाले त्यात त्याचा वाटा मोठा. त्याचं नाव सामान्य प्रेक्षकाला आजही ठाऊक नाही.

दुसऱ्या पर्वात फॉक्सने धाडस केलं आणि मालिका गुरुवारी, थेट ‘द कॉस्बी शो’समोर नेऊन ठेवली. ११ ऑक्टोबर १९९०चा भाग बार्टच्या नापास होण्याचा होता. तो पाहणाऱ्यांचा अंदाज ३.३६ कोटी असा सांगितला जातो. त्यातला बार्ट खोडकर तर आहेच, पण तो पहिल्यांदाच मनापासून अभ्यास करतो आणि तरी नापास होतो, आणि वर्गात सर्वांदेखत रडतो. ज्या काळात त्याचं चित्र छापलेल्या टीशर्टांवर काही शाळांनी बंदी घातली होती, त्याच काळातला हा भाग आहे. बंदी घालणाऱ्यांनी तो पाहिला असता तर बरं झालं असतं. पुढे जानेवारी १९९२मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका भाषणात अमेरिकन कुटुंबं सिम्प्सनांपेक्षा वॉल्टनांसारखी व्हावीत, अशी इच्छा बोलून दाखवली. वॉल्टन हे टीव्हीवरचंच एक मंदीच्या काळातलं सोशिक कुटुंब. काही दिवसांतच मालिकेने बार्टच्या तोंडून उत्तर दिलं की आम्ही वॉल्टनांसारखेच आहोत, आम्हीही मंदी संपायची प्रार्थना करतो आहोत.

मालिकेचं खरं बळ मला या टोमण्यांपेक्षा २५ एप्रिल १९९१च्या भागात दिसतं. आठ वर्षांची लिसा हुशार आहे, एकटी आहे. काही दिवसांपुरते एक बदली शिक्षक येतात, तिला पहिल्यांदाच कुणीतरी ओळखल्यासारखं वाटतं, आणि ते आगगाडीने निघून जातात. जाताना तिला एक चिठ्ठी देतात. चिठ्ठीत चारच शब्द आहेत, त्यांतले दोन तिचं नाव. शिक्षकाचा आवाज डस्टिन हॉफमनचा होता, पण श्रेयनामावलीत त्याचं नाव नव्हतं, टोपणनाव होतं. एवढा मोठा नट आणायचा आणि त्याला पात्राच्या मागे लपवायचं, हा त्या वेळचा संस्थेचा शिष्टाचार होता.

पुढची वर्षं लेखकांची. अल जीन आणि माइक रीस यांनी तिसरं आणि चौथं पर्व सांभाळलं. जॉर्ज मायर, जॉन स्वार्ट्झवेल्डर, जॉन विटी, कॉनन ओब्रायन अशी मंडळी एका टेबलाभोवती बसून एकेक वाक्य पुन्हा पुन्हा मोडत आणि बांधत. लेखकाच्या नावावर भाग असला तरी त्यातलं निम्मंअधिक खोलीने लिहिलेलं असे. मोनोरेल विकायला आलेल्या भामट्याच्या मागे सगळं गाव लागतं, तो ओब्रायनचा भाग १४ जानेवारी १९९३चा. विकासाच्या नावाखाली गावसभेत टाळ्या कशा पडतात हे त्यात जसं दिसतं, तसं आपल्याकडच्या कितीतरी गंभीर मालिकांत दिसलेलं नाही. १९९३मध्येच सायमन बाहेर पडला. ग्रेनिंगशी त्याचं पटेनासं झालं होतं. जाताना त्याने नफ्यातला वाटा आणि कार्यकारी निर्माता हे नाव राखलं आणि त्या पैशातला मोठा भाग पुढे मुक्या प्राण्यांसाठी आणि भुकेल्यांसाठी दिला. २०१५मध्ये तो वारला. पहिल्या फळीतले बहुतेक लेखकही १९९३च्या सुमाराला मालिका सोडून गेले.

तरी संस्था डगमगली नाही. डेव्हिड मर्किनने पाचवं-सहावं पर्व नव्या माणसांनिशी उभं केलं. २२ जानेवारी १९९५च्या भागात होमर आवडती नोकरी सोडून पुन्हा वीजकेंद्रात येतो, कारण घरात तिसरं मूल येणार असतं. मालक बर्न्स त्याच्या टेबलासमोर एक मन खच्ची करणारी पाटी लावतो. होमर त्या पाटीवर मॅगीचे फोटो अशा बेताने चिकटवतो की उरलेल्या अक्षरांचा अर्थ बदलून जातो. सबंध भागात घरात मॅगीचा फोटो का नाही, असा प्रश्न मुलं विचारत असतात. त्याचं उत्तर या एका चौकटीत आहे. नोकरी न आवडणाऱ्या बापांविषयी यापेक्षा चांगलं काही मी टीव्हीवर पाहिलेलं नाही.

मग बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन. सातवं आणि आठवं पर्व. इथे मला थांबून एक गोष्ट नोंदवायची आहे, कारण पुढे या मालिकेतला रस का गेला याचं उत्तर माझ्या मते इथून पुढे सापडतं.

सुरुवातीच्या वर्षांत स्प्रिंगफील्डमध्ये घडलेलं कधी कधी घडलेलंच राहत असे. कुणाचं वय वाढत नव्हतं, हे खरं. पण कथेला परिणाम होते. लिसाचा गुरू असलेला सॅक्सोफोनवादक १९९५मध्ये मरतो आणि मेलेलाच राहतो. डिसेंबर १९९६मध्ये बार्टचा मित्र मिलहाउस याचे आईबाप किर्क आणि लुॲन यांचा एका मेजवानीत सर्वांसमोर तमाशा होतो आणि घटस्फोट होतो. भाग संपताना किर्क गाणं म्हणून बायकोला परत मागतो. विनोदी मालिकेच्या रिवाजाप्रमाणे ती परत येणार असं आपण धरून चालतो, आणि लुॲन सरळ नाही म्हणते. पुढच्या पर्वांत किर्क खरोखरच उदास खोलीत एकटा राहताना दिसतो. अर्ध्या तासाच्या हसवणुकीत एवढी हिंमत होती.

याच आठव्या पर्वात मालिकेने आपल्याच भवितव्यावर दोन भाग केले. ९ फेब्रुवारी १९९७चा भाग १६७वा होता. त्याने ‘द फ्लिंटस्टोन्स’चा १६६ भागांचा विक्रम मोडला. या मानाच्या दिवशी लेखकांनी काय दाखवावं? मालिकेतल्या मुलांची आवडती कार्टून मालिका जुनी होते, मंडळी बैठक घेऊन तिच्यात पूची नावाचा चटपटीत नवा कुत्रा घुसडतात आणि तो कुणालाच आवडत नाही. कॉमिक्सच्या दुकानाचा मालक आजवरचा सर्वांत वाईट भाग म्हणून निकाल देतो. मालिकेचे चाहते तोवर असंच बोलू लागले होते, आणि त्यांची नक्कल करून लेखकांनी मोकळेपणाने सांगून टाकलं की आम्हालाही हे दिसतं आहे. त्यानंतर ४ मे १९९७ला फ्रँक ग्राइम्स आला. आयुष्यभर कष्ट केलेला, प्रामाणिक माणूस. तो वीजकेंद्रात होमरशेजारी बसतो आणि थक्क होतो : या बिनडोक माणसाला एवढं घर, अशी बायको, अंतराळात जाऊन आल्याचा फोटो? गावात हे कुणालाच खटकत नाही. ग्राइम्स वेडापिसा होतो आणि विजेच्या तारांना हात लावून मरतो. त्याच्या दफनविधीत होमर झोपेत बरळतो आणि सगळं गाव हसतं. चाहत्यांत यावर आजही दोन तट आहेत. मला तो भाग मालिकेने स्वतःवर घेतलेलं सर्वांत कठोर लेखापरीक्षण वाटतो. खऱ्या माणसाला आता या गावात जागा नाही, हे त्यात निर्मात्यांनीच सांगितलं.

नववं पर्व सुरू होताच, २८ सप्टेंबर १९९७ला, शाळेचे मुख्याध्यापक स्किनर हे स्किनर नाहीतच, असं उघड झालं. व्हिएतनाममध्ये मेला असं समजल्या गेलेल्या सार्जंटचं नाव घेऊन आर्मिन टॅम्झेरियन नावाचा दुसराच माणूस इतकी वर्षं त्याच्या आईसोबत राहत होता. खरा स्किनर परत येतो, गावाला तो आवडत नाही, त्याला आगगाडीला बांधून हाकलून देतात आणि न्यायाधीश फर्मान काढतात की सर्व काही पूर्वीसारखं होईल आणि या प्रकाराचा उल्लेख पुन्हा कुणी करणार नाही. स्किनरला आवाज देणारा हॅरी शिअरर यावर उघडपणे नाराज होता, ग्रेनिंगलाही हा भाग आवडला नाही. चाहत्यांच्या दप्तरी ऱ्हासाची तारीख म्हणून बहुधा हीच लिहिलेली असते.

लेखक केन कीलर याची बाजू वेगळी आहे. त्याच्या मते हा भाग अशा लोकांविषयी आहे ज्यांना सगळं जसंच्या तसं हवं असतं, म्हणजे चाहत्यांविषयी. त्याचं म्हणणं मला पटतं, आणि तरीही भाग पटत नाही. कारण फर्मान गंमत म्हणून निघालं, पण पुढे तेच संस्थेची घटना होऊन बसलं. या भागाचं खापर पुष्कळदा नव्याने सूत्रं हाती घेतलेल्या माइक स्कलीवर फोडलं जातं, तेही बरोबर नाही. तो भाग आधीच्या जोडीच्या कारकिर्दीत तयार झालेला होता.

स्कलीच्या चार पर्वांत विनोद कमी झाले नाहीत, उलट दाटीवाटीने आले. होमर मात्र बदलला. आधी तो चुकत असे आणि चुकल्याचं त्याला उशिरा का होईना कळत असे. आता तो कुणालाही दुखवून पुढे निघू लागला. शेजारी नेड फ्लँडर्स आधी होमरपेक्षा सर्वच बाबतींत सरस असलेला सज्जन होता, आणि तेच होमरला खुपत असे. हळूहळू त्याच्यात धार्मिकपणाखेरीज काही उरलं नाही. पात्राचा एकच गुण फुगवत नेण्याच्या या रोगाला चाहत्यांनी फ्लँडर्सचंच नाव दिलं आहे. पाहुणे कलाकार पात्राआड लपायचे बंद झाले आणि स्वतःच्याच नावाने, स्वतःचीच ओवाळणी करून घ्यायला येऊ लागले. २०१२मध्ये लेडी गागा आणि २०१५मध्ये इलॉन मस्क स्प्रिंगफील्डला आले तोवर ही रीत पक्की झाली होती. हॉफमनने नाव लपवलं होतं त्याला तेव्हा वीस-पंचवीसच वर्षं झाली होती.

आणि परिणाम? स्प्रिंगफील्डमध्ये कायमचं काही बदललं तर ते आता बहुतेक बाहेरच्या कारणाने. मे १९९८मध्ये आवाज देणाऱ्या फिल हार्टमनची हत्या झाली, म्हणून बोगस वकील लायोनेल हट्झ आणि ओसरलेला नट ट्रॉय मक्लूर गप्प झाले. त्या बाबतीत संस्थेने सभ्यपणा दाखवला, दुसरा आवाज आणला नाही. फेब्रुवारी २०००मध्ये नेडची बायको मॉड स्टेडियमच्या कठड्यावरून पडून मरते, कारण तिला आवाज देणारी मॅगी रॉझवेल डेनव्हरहून ये-जा करत असे, विमानाच्या वाढत्या भाड्यासाठी तिने मानधन वाढवून मागितलं आणि व्यवहार जमला नाही. एका पात्राचा मृत्यू विमानभाड्यावरून! नोव्हेंबर २००७मध्ये किर्क आणि लुॲन यांनी पुन्हा लग्न केलं. अकरा वर्षांपूर्वीचा तो नकार पुसला गेला. ऑक्टोबर २०१३मध्ये आवाज देणारी मार्शा वॉलेस वारली, तेव्हा तिच्यासोबत बार्टच्या शिक्षिका क्रबॉपलबाई गेल्या. लिसा १९९५पासून शाकाहारी आहे ती आजतागायत. पण तेही पॉल मॅकार्टनीने त्या भागात यायला तशी अटच घातली होती म्हणून. करार, पैसा आणि मरण, या तिघांनाच गावात फेरफार करायची मुभा उरली. कथेला ती राहिली नाही. पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण पुढे काय होणार याची धाकधूक संपलेली असते, आणि तो सोफ्यावरून उठून पाणी प्यायला जातो.

आमच्याकडे ही मालिका स्टार वर्ल्डवर दिसायची, म्हणजे फॉक्सचे तेव्हाचे मालक मर्डोक यांच्याच घरातून. आम्हाला ती पुनःप्रक्षेपणांतून, मागचंपुढचं करत भेटली. आज लिसाच्या शिक्षकाचा भाग, उद्या घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी हे जमिनीखाली राहणारे बुटके निघतात तो २०००चा भाग. कुठल्या पर्वातला हे माहीत नसतानाही फरक कळायचा. म्हणून ‘आपण मोठे झालो आणि मालिका तीच राहिली’ हे नेहमीचं स्पष्टीकरण मला मान्य नाही. मोठेपणीही जुने भाग लागतात, नवे लागत नाहीत. दुसरं स्पष्टीकरण असं, की १९९७ला ‘साउथ पार्क’ आणि १९९९ला ‘फॅमिली गाय’ आल्यावर सिम्प्सन्सचं नावीन्य संपलं. त्यात थोडं तथ्य आहे. पण नावीन्य तर मोनोरेलच्या भागाचंही केव्हाच संपलं, आणि तो तरीही पाहवतो.

भारतीय प्रेक्षकाला या घसरणीचा आणखी एक पुरावा हाताशी आहे : अपू. क्विक-ई-मार्ट या दुकानाचा मालक अपू नाहासपीमापेटिलॉन फेब्रुवारी १९९०मध्ये आला. नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून, आडनाव कुठल्याच प्रांतातलं नाही. आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा, आणि तो हेल खरोखरच कानाला लागतो. तरी ५ मे १९९६चा भाग पाहा. गावात परदेशी लोकांना हाकलण्याचा ठराव येतो; अपू घाबरून खोटी कागदपत्रं करतो, अमेरिकन असल्याचं सोंग आणतो, मग आईवडिलांना दिलेलं वचन आठवून ते फेकून देतो आणि नागरिकत्वाची परीक्षा रीतसर देऊन पास होतो. कॅलिफोर्नियात १९९४मध्ये असाच ठराव खरोखर मंजूर झाला होता. हेल तोच होता, पण त्यामागे माणूस होता. १९९७मध्ये त्याचं लग्न झालं, १९९९मध्ये त्याला एकदम आठ मुलं झाली, आणि त्यानंतर तो उरला फक्त हेलापुरता. २००६मध्ये बर्न्सने वीजकेंद्राचं काम बंगळुरूला पाठवलं आणि होमर तिथे जाऊन देव होऊन बसला; आउटसोर्सिंगचा इतका मोठा विषय, आणि हाती आली ती जुनीपुराणी देवबाप्पाची गंमत.

नोव्हेंबर २०१७मध्ये हरी कोंडाबोलू या अमेरिकन विनोदकाराने माहितीपट काढून विचारलं की तिथल्या भारतीय घरांतल्या मुलांना शाळेत याच आवाजात चिडवलं गेलं, त्याचं काय? मालिकेने ८ एप्रिल २०१८च्या भागात उत्तर दिलं ते लिसाकडून. पूर्वी जे सर्वांना चाललं ते आता चालत नाही, मग करायचं काय, अशा अर्थाचं ती कॅमेऱ्याकडे पाहून बोलते आणि शेजारच्या अपूच्या फोटोकडे नजर टाकते. बुशना तीन दिवसांत चोख उत्तर देणारी हीच संस्था. इथे मात्र गावातल्या सर्वांत विवेकी मुलीच्या तोंडी तिने व्यवस्थापनाचा खुलासा घातला. लिसाचं पात्र लिहिणाऱ्या खोलीतल्या कुणाला हे खटकलं नसेल असं मला वाटत नाही. २०२०च्या सुरुवातीला अझारिया त्या भूमिकेतून बाजूला झाला आणि अपू बोलेनासा झाला. १९९६ची खोली असती तर तिने त्यावरच भाग लिहिला असता.

मधल्या काळातल्या नोंदी भराभर देतो. २००२मध्ये सेल्युलॉइडवर रंगवणं कायमचं सोडून मालिका संगणकावर रंगू लागली. चित्रं स्वच्छ झाली आणि थोडी निर्जीवही. जुलै २००७मध्ये चित्रपट आला, ५० कोटी डॉलरच्या वर कमावून गेला आणि तो चांगलाही होता; लेखकांनी पूर्वीसारखं पुन्हा पुन्हा लिहून काढायला वेळ घेतला की काय होतं हे त्यात दिसलं. २७ जानेवारी २००८ला होमर-मार्ज यांची तरुणपणीची कहाणी नव्वदच्या दशकात हलवली गेली. १९९१च्या सुंदर भागात ते दोघं १९७४मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षात भेटले होते. बार्ट दहाच वर्षांचा राहायचा असेल तर आईबापांचं तारुण्य पुढे सरकवावं लागतं. हिशेब चुकत नाही, पण ज्यांनी १९७४ची ती गाडीतली रात्र पाहिली होती त्यांच्या आठवणीची किंमत त्यात धरलेली नव्हती. ऑगस्ट २०१४मध्ये एफएक्सएक्स वाहिनीने तोवरचे ५५२ भाग बारा दिवस ओळीने दाखवले. २९ एप्रिल २०१८ला ६३६वा भाग आला आणि ‘गनस्मोक’ मालिकेचा भागसंख्येचा विक्रमही मोडला. मार्च २०१९मध्ये डिस्नेने फॉक्सची मनोरंजन मालमत्ता विकत घेतली, आणि १९९८च्या एका भागातली, फॉक्स डिस्नेच्या मालकीचं असल्याचं सांगणारी एक पाटी लोकांनी पुन्हा शोधून काढली. डिस्नेने त्याच वर्षी जुने भाग रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापून दाखवले. त्यात चित्राच्या कडेला ठेवलेले विनोदच कापले गेले. आरडाओरडा झाल्यावर मे २०२०मध्ये मूळ चौकट परत मिळाली.

मालिका संपवायच्या संधी आल्या नव्हत्या असं नाही. मे २०००मध्ये एक भाग असा झाला, की सिम्प्सन हे खरे नट आहेत आणि त्यांच्या उदयास्ताचा माहितीपट आपण पाहतो आहोत. त्याला एमी मिळालं. तो शेवटचा भाग म्हणून शोभला असता. २०११मध्ये मानधनाच्या वाटाघाटी फिसकटण्याची चिन्हं होती, तेव्हा भविष्यकाळात घडणारा एक भाग अखेरचा ठरू शकेल अशा बेताने लिहिला गेला. करार झाला आणि मालिका चालू राहिली. सप्टेंबर २०२४मध्ये तर बार्टच्या वाढदिवसाच्या भागात खोटा समारोपच मांडला. कॉनन ओब्रायन सूत्रसंचालक, यंत्राकडून लिहून घेतलेला शेवट, आणि एकामागून एक सगळं गोड होत जाताना पाहून कासावीस झालेला बार्ट. भाग फार हुशार आहे. पण मालिका कधीच संपणार नाही हा तिचा स्वतःचाच विनोद झाला, तेव्हा हसताना मला थोडं थकल्यासारखं झालं.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं, की २०२१पासून मॅट सेलमनकडे मुख्य सूत्रं आल्यावर मालिकेत पुन्हा जीव दिसतो आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये होमर आणि मार्ज बर्फाळ जंगलात एकटे अडकतात तो जवळजवळ शांत भाग पाहण्यासारखा आहे. असे भाग आणखीही आहेत. मी ते कुणी सुचवलं की पाहतो आणि बहुतेकदा आवडतात. पुढच्या रविवारची वाट पाहत नाही. आता फॉक्सवर नवा भाग पाहणाऱ्यांची संख्या १९९०च्या त्या भागाच्या दहाव्या हिश्श्याच्याही पुष्कळ खाली असते. सगळ्याच वाहिन्यांचे प्रेक्षक घटले, हे त्याचं एक कारण. तरी एप्रिल २०२५मध्ये आणखी चार पर्वांचा करार झाला आहे. म्हणजे २०२८-२९मधल्या चाळिसाव्या पर्वापर्यंत संस्था चालू राहणार.

ज्यांनी ‘सिम्प्सन्स’ कधीच पाहिली नसेल त्यांनी आठशेच्या घरातल्या भागांच्या आकड्याला घाबरू नये. दुसऱ्या पर्वातल्या लिसाच्या शिक्षकापासून सुरुवात करा, आठवं पर्व संपेपर्यंत क्रम मोडू नका, आणि जुनी चौकोनी चौकट निवडायला विसरू नका. त्यापुढचं पाहिलं नाहीत तरी फारसं काही बुडणार नाही.